मोहल्ला आणि ठाणे : एका विश्वासाचा इतिहास

आमचे इस्लापूर आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे. जुन्या माणसांना मात्र ते आदिलाबाद जिल्ह्यातले गाव म्हणून आठवते. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात हैदराबाद संस्थानाचे तुकडे पाडून कोणता भाग कोणाला द्यायचा, याची यादी आहे. तीत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला देण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमचा जिल्हा बदलला, राज्य बदलले. कचेरीतली उर्दू त्याआधीच मागे पडत चालली होती. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. ती म्हणजे सामान्य माणसाचे पोलीस ठाण्याशी असलेले नाते. ठाण्याची पायरी चढावी लागू नये अशी दुआ तेव्हाही लोक मागत, आजही मागतात.

हे नाते असे का झाले आणि ते बदलण्याचे प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात कोणी, कधी, कसे केले, याचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही काही पेशाने इतिहासकार नाही. उर्दू शाळेत मुलांना शिकवतो. परंतु मोहल्ल्याची सुरक्षितता हा विषय शाळेच्या फाटकाशी येऊन थांबत नाही, आतपर्यंत येतो. म्हणून या इतिहासाकडे वळावे लागले.

पाटील, अमीन आणि आपण

निजामी अंमलात गावगाडा पोलीस पाटील, माली पाटील आणि पटवारी या तिघांच्या हाती असे. माली पाटलाकडे वसुली आणि पोलीस पाटलाकडे बंदोबस्त. त्यांच्या वर ठाण्याचा अमीन आणि जिल्ह्याला मोहतमीम कोतवाली. पाटीलकी वंशपरंपरेने चाले. गावातली चोरी, मारामारी, बांधाचा तंटा आधी पाटलाच्या ओट्यावर जाई आणि तिथे मिटला नाही तरच ठाण्यात पोहोचे. या व्यवस्थेत पाटलाची मर्जी म्हणजेच कायदा असे पुष्कळदा घडे. गरीब मुसलमान, दलित, गोंड, कोलाम यांना तिथे कितपत दाद मिळत असेल, याची कल्पना वाचक करू शकतील. पुढे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ आला आणि पोलीस पाटील हा शासनाने नेमलेला माणूस झाला. गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे, गावाची शांतता राखणे ही त्याची कर्तव्ये कायद्यात लिहिली गेली.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. फौजदार, हवालदार, शिपाई, फिर्याद, जबाब, जामीन, जप्ती, फरार, हद्द हे शब्द मराठी ठाण्यात रोज वापरले जातात. सगळे अरबी-फारसीतून, दख्खनच्या राजवटींतून मराठीत आलेले. उर्दू शाळेतल्या मुलाला ते कोणी शिकवावे लागत नाहीत. म्हणजे ठाण्याची भाषा आपल्या ओळखीची आहे. दारच तेवढे अनोळखी राहिले.

१९४८ ची जखम

मराठवाड्यातील मुसलमानांच्या मनातली वर्दीची भीती समजून घ्यायची तर १९४८ टाळून चालणार नाही. रझाकारांनी गावोगावी केलेले अत्याचार हे सत्य आहे आणि ते आपण मान्य केलेच पाहिजे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत 'पोलीस ॲक्शन' झाली, निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या दिवसांत मात्र रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली हजारो मुसलमान माणसे मारली गेली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे मंडळ पाठवले. ते १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नऊ जिल्ह्यांत फिरले. मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. काही ठिकाणी सैनिक आणि स्थानिक पोलीसही लुटीत सामील होते, असे या मंडळाने नोंदवले. कित्येक दशके हा अहवाल लोकांसमोर आलाच नाही.

त्याच अहवालातली दुसरी नोंद आपल्याकडे कमी सांगितली जाते. अनेक गावांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवले, काहींनी त्यात स्वतःचा जीव गमावला. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले. रोजच्या कामाने बांधलेली माणसे संकटात एकमेकांच्या कामी आली. पुढे चाळीस वर्षांनी भिवंडीत जे घडले त्याचे मूळ तत्त्व हेच होते. म्हणून ही नोंद लक्षात ठेवावी.

भिवंडी : दोन दंगली आणि एक अधिकारी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, आमच्या शेजारच्या तेलंगणातून गेलेले पद्मशाली, जुने कोकणी मुसलमान आणि मराठी माणसे अशी तिथली वस्ती. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने मुसलमानांविरुद्ध पक्षपात केला, असे ताशेरे या आयोगाने ओढले. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली.

या दोन्ही दंगलींपूर्वी शांततेच्या बैठका झाल्या नव्हत्या असे नाही. शांतता समिती हा प्रकार जुनाच आहे. सण आला की ठाण्यात बैठक बोलवायची, गावचे पुढारी, व्यापारी, दोन मौलाना, दोन मंडळांचे अध्यक्ष यांना खुर्च्या द्यायच्या, चहा व्हायचा, भाईचाऱ्यावर भाषणे व्हायची आणि सण संपला की समितीही संपायची. जी गल्ली पेटते त्या गल्लीतला माणूस त्या बैठकीत नसे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी आधीच्या दंगलींचा अभ्यास केला आणि ही पद्धतच उलटी केली. शहराचे मोहल्ले पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या तयार केल्या. प्रत्येक समितीत साधारण पन्नास माणसे, हिंदू आणि मुसलमान बरोबरीने. पुढाऱ्यांऐवजी मागावर काम करणारा, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला असा साधा माणूस त्यांत घेतला. प्रत्येक मोहल्ला एकेका पोलीस शिपायाकडे सोपवला. एरवी साहेबाला सलाम ठोकण्यापलीकडे ज्याला कोणी विचारत नाही, तो शिपाई आपल्या मोहल्ल्याचा जबाबदार माणूस झाला. लोक त्याला नावाने ओळखू लागले आणि तोही लोकांना नावाने ओळखू लागला.

या समित्या बोलत कशावर? सार्वजनिक नळावरची भांडणे, भाडेकरू-मालकाचा वाद, सांडपाणी, पोरांची मारामारी, नवरा-बायकोची कुरबूर. दंगल हा विषय त्यात क्वचितच असे. किरकोळ तंटे तिथेच मिटत आणि ते मिटवताना शेजारची माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, एकत्र बसत. नळावरचे भांडण वेळीच मिटले नाही तर त्याला धर्माचा रंग चढायला उशीर लागत नाही, हे खोपडे यांनी ओळखले होते.

या प्रयोगाची परीक्षा ६ डिसेंबर १९९२ नंतर झाली. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मुंबईपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेली, दोनदा पेटलेली भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. त्यांनी समित्यांचे काम चालू ठेवले होते. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला लोकांकडे ओळखीचा शिपाई होता आणि शिपायाकडे प्रत्येक गल्लीत ओळखीची माणसे होती. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हा प्रश्न पुढे खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच झाला.

मुंबई आणि त्यानंतर

मुंबईनेही हा धडा उशिरा का होईना गिरवला. दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतली पोरे यांचे क्रिकेटचे सामने झाले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी गल्लोगल्ली फिरून काम केले. चार धर्मांच्या वेशातली चार मुले असलेले वकार खान यांचे एकतेचे पोस्टर अनेकांनी पाहिले असेल. या दोघांच्या मैत्रीवर 'नाता' हा माहितीपटही निघाला.

पण इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ज्या शहराचे उदाहरण देशभर दिले जात होते तिथेच हे घडले, आणि तेही ठाण्याच्या इमारतीवरून. समित्या तोवर नावापुरत्या उरल्या होत्या, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. अधिकारी बदलत गेले, बैठका तुटत गेल्या, पुन्हा पुढारीच खुर्चीवर दिसू लागले. जे काम एका माणसाच्या जिद्दीवर उभे असते ते त्याच्या बदलीबरोबर खचू लागते. लोकांनी ते आपले म्हणून हाती घेतले तरच ते टिकते.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला मालेगावात शबे-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर बॉम्बस्फोट झाले. मेले ते मुसलमान आणि पकडलेले नऊ तरुणही मुसलमान. त्यांच्यावरचा खटला टिकला नाही. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, पण तरुणपणाची कित्येक वर्षे तुरुंगात गेली ती गेलीच. अशा वेळी 'पोलिसांशी सहकार्य करा' असे कोणी सांगू लागले की लोक तोंड फिरवतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

आमचे म्हणणे एवढेच की सहकार्य आणि खबरीगिरी यात फरक केला पाहिजे. खबऱ्या अंधारात, एकटा आणि स्वतःच्या फायद्यासाठी पोलिसांकडे जातो. समिती उजेडात, चारचौघांत बसते आणि तिथे पोलिसांनाही प्रश्न विचारता येतात. रात्रीची गस्त का येत नाही? मटक्याचा अड्डा कोणाच्या आशीर्वादाने चालतो? अमुक पोराला का उचलले, त्याच्या घरी का कळवले नाही? हे प्रश्न विचारण्याची सवय नसलेल्या वस्तीत अन्याय करणे सोपे जाते. जिथे पन्नास माणसे ठाणेदाराला ओळखतात तिथे निरपराध मुलाला उचलताना दोनदा विचार होतो. मोहल्ला समिती हे पोलिसांवरचे उपकार नाहीत. आपल्या मुलांचे ते संरक्षण आहे.

तंटामुक्तीचा धडा

१५ ऑगस्ट २००७ रोजी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगावी समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना लोकसंख्येच्या हिशेबाने बक्षिसे मिळाली. खेड्यांसाठी ही भिवंडीच्याच वाटेवरची योजना होती. वर्षानुवर्षे कोर्टात पडलेले बांधाचे वाद तिच्यामुळे मिटले, हे मान्य करावे लागेल. पण बक्षिसासाठी तंटे 'मिटवण्याची' घाई हा तिचा धोका होता. बांधाचा वाद पंचांनी मिटवावा. मुलीची छेड, हुंड्याचा छळ, दलित-आदिवासींवरचा अत्याचार हे मात्र गुन्हे आहेत. तिथे 'घरातले घरात मिटवा' म्हणणारी समिती दुबळ्याच्याच विरोधात उभी राहते. काय मिटवायचे आणि काय ठाण्यात न्यायचे याची रेघ प्रत्येक समितीने आधीच आखून ठेवली पाहिजे.

आपल्या गावासाठी

आता इस्लापूरसारख्या गावाने यातून काय घ्यावे? आपल्याकडे भिवंडीसारखी दंगल नाही, अल्लाहचा शुक्र आहे. येथे मराठा आहेत, बंजारा आहेत, गोंड-आंध आहेत, दलित आहेत, मुसलमान आहेत आणि सगळ्यांची बाजारात रोज गाठ पडते. पण सुरक्षिततेचा प्रश्न नाही असे कोण म्हणेल? आम्ही शिक्षक एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. वाटेवर टवाळ पोरे उभी राहू लागली की त्या पोरांबद्दल कोणी तक्रार करत नाही, मुलीचे नाव शाळेतून निघते. बाप म्हणतो, ठाण्यात गेलो तर मुलीची बदनामी होईल. सातवी-आठवीत हुशार असलेली मुलगी घरी बसते आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्या लग्नाची पत्रिका येते. कोणत्याही अहवालात या नुकसानीची नोंद होत नाही. ठाण्याच्या भीतीची सगळ्यात मोठी किंमत आपल्या मुली मोजत आहेत.

म्हणून भिवंडीपासून घ्यायच्या गोष्टी आम्हाला अशा दिसतात. समिती सणापुरती नको, महिन्याची एक ठरलेली तारीख हवी. तीत सर्व समाजांची माणसे हवीत आणि निम्म्या नाही तरी निदान एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. पुढाऱ्यांना नमस्कार करावा, पण अध्यक्षपद देऊ नये. बैठक कधी ठाण्यात, कधी शाळेत, कधी ग्रामपंचायतीत घ्यावी. बीटचा जमादार कोण, त्याचा फोन कोणता, हे प्रत्येक घरी माहीत असावे. प्रत्येक बैठकीचे टिपण वहीत लिहावे, म्हणजे नवा अधिकारी आला की त्याच्या हाती वही देता येईल आणि काम जिथल्या तिथे चालू राहील. भिवंडीत नेमकी हीच साखळी तुटली होती.

दुसरे, कायद्याची चार वाक्ये प्रत्येकाला तोंडपाठ असावीत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. स्त्रियांना, साठीपुढच्या माणसांना आणि पंधरा वर्षांखालील मुलांना साक्षीसाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी आले पाहिजे. मुलीच्या बापाला एवढे माहीत असते तर तिची शाळा कदाचित सुटली नसती.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांची. ठाण्यात आपली माणसे नाहीत ही तक्रार आपण नेहमी करतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीतून असते आणि तीत मराठी व्याकरणाला चांगले गुण असतात. उर्दू माध्यमाचा मुलगा मैदानात सगळ्यांच्या पुढे धावतो आणि समास-प्रयोगात अडकून मागे पडतो. शासनाच्या प्रशिक्षण योजना येतील-जातील. पण आठवीपासून रोज अर्धा तास मराठी व्याकरण शिकवायला कोणत्या योजनेची गरज आहे? उर्दू आपली मादरी जबान आहे आणि मराठी आपल्या मातीची भाषा आहे. दोन्ही पक्क्या असलेला मुलगा उद्या त्याच ठाण्यात वर्दी घालून बसेल आणि फिर्याद सांगायला आलेल्या गोंड म्हाताऱ्याला किंवा मोहल्ल्यातल्या बेवा बाईला आधी पाणी विचारेल.

वाचकहो, खोपडे यांनी भिवंडीत सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे जादा पैसा नव्हता, नवा कायदा नव्हता. तेच शिपाई होते आणि तेच लोक होते, फक्त त्यांची बसण्याची जागा आणि बोलण्याचा विषय बदलला. आपल्या गावात ठाणे आहे, शाळा आहेत, मशीद-मंदिर आहे, बाजार आहे. शाळेच्या वाटेवर संध्याकाळी पाच ते सहा एक शिपाई उभा राहावा, ही मागणी घेऊन पहिली बैठक घेता येईल. त्या बैठकीला मुलींच्या आयांना बोलवावे आणि आधी त्यांना बोलू द्यावे.